सदस्याच्या आठवणीत कार मीट: कोणतं काम आधी, कोणतं नंतर, आणि गाडं कुठे अडतं

गाड्यांच्या हौशी ग्रुपमधला कोणी वारला की आठवडाभरात त्याच्या आठवणीत कार मीटचं, म्हणजे सगळ्यांनी आपापल्या गाड्या घेऊन एका जागी जमायचं, पोस्टर फिरायला लागतं. फोटो, तारीख, जागा, "जास्तीत जास्त संख्येने या". घरच्यांना ते तिसऱ्याच कोणाच्या स्टेटसवर दिसतं. जागेच्या मालकाला गाड्या दारात आल्यावर कळतं. मीट संपताना कोणीतरी गेटबाहेर टायर जाळतो, म्हणजे चाकं जागच्या जागी घुमवून धूर काढतो, आणि दुसऱ्या दिवशी लोकांच्या तोंडी तेवढंच उरतं.

यात हेतू कोणाचाच वाईट नसतो, कामांचा क्रम उलटा झालेला असतो. आधी घरचे, मग स्वरूप, मग जागा, मग त्याची गाडी आणि मग जाहीर करणं, हा क्रम धरलात तर निम्मे घोळ होतच नाहीत. खाली "त्याची" असं लिहिलं आहे ते सोयीसाठी; सदस्य बाई असली तरी यातलं काही बदलत नाही.

टप्पा १: घरच्यांशी बोलणं

ग्रुपवर विषय काढण्याच्याही आधी हे व्हायला हवं. एकानेच जावं, फार तर दोघांनी. ज्याला त्या घरात नावाने ओळखतात तो जावा. ॲडमिन असणं ही यासाठीची पात्रता नाही. दहा जण एकाच रंगाचे टी-शर्ट घालून दारात उभे राहिले तर समोरचा माणूस भिडेखातर "हो" म्हणेल आणि नंतर पस्तावेल.

पहिल्या भेटीत एकच विचारा: असं काही केलेलं चालेल का? "नको" आणि "आत्ता नको" ही दोन्ही पुरी उत्तरं आहेत, त्यावर मनधरणी करू नका. "हो" आलं, तर बाकीचं पुढच्या भेटीत:

- घरचं कोणी येणार का? आलं तर बोलणार, की नुसतं बसणार?
- फोटो कोणता आणि नाव कसं लिहायचं? ग्रुपमधलं टोपणनाव घरी चालत असेल असं गृहीत धरू नका.
- कसा गेला, याबद्दल माइकवरून किती बोलायचं?
- गाडी आणायची का? आणायची तर चालवायची, की नुसती उभी करायची?
- पैसे गोळा करायचे का, आणि कशासाठी?

शेवटच्या प्रश्नावर सगळ्यात जास्त गफलत होते. ग्रुपला वाटतं मदत करू, आणि घरच्यांना वाटतं आपल्या नावाने वर्गणी फिरतेय. त्यांनी स्पष्ट होकार दिला नसेल तर डबा ठेवू नका, कोणाचा क्यूआर कोडही लावू नका.

इशारा: मृत्यू रस्त्यावरच्या अपघातात झाला असेल, तर इंजिन रेव्ह करणं (उभ्या गाडीत ॲक्सिलरेटर दाबून आवाज काढणं), टायर जाळणं आणि अपघाताचे फोटो सरसकट बंद. चौकशी किंवा दावा चालू असेल तर चूक कोणाची होती यावर माइकवरून एक शब्दही नको. भावनेच्या भरात बोललेलं वाक्य व्हिडिओत राहतं आणि घरच्यांना त्याचा ताप होऊ शकतो.

तपासा: जे ठरलं ते साध्या मेसेजमध्ये लिहून घरच्या एका माणसाला पाठवलं का? त्यांचं "ठीक आहे" आल्याशिवाय पुढे सरकू नका.

टप्पा २: स्वरूप आणि "नाही" म्हणणारा माणूस

पर्याय तीन. एका जागी गाड्या लावून भेटणं, भेटून मग थोडं ड्राइव्ह, किंवा नुसतं ड्राइव्ह. माझं मत विचाराल तर पहिला पर्याय घ्या. आठवणीच्या मीटला असे लोक येतात ज्यांनी एकमेकांबरोबर कधी गाडी चालवलेली नसते. नवखे, जुने, मित्राचे मित्र. अशांचा ताफा रस्त्यावर नेणं हे नेहमीच्या रविवारच्या ड्राइव्हपेक्षा कितीतरी अवघड असतं.

जबाबदाऱ्या वाटताना गेट, पार्किंग, घरच्यांची सोय, फोटो, प्रथमोपचार अशी कामं सगळ्यांना सुचतात. सुटतं ते एकच: कोणाला परत पाठवायचं, कार्यक्रम कधी थांबवायचा, हे ठरवणारा माणूस. तो आधी नेमा आणि त्याचं नाव सगळ्या स्वयंसेवकांना सांगून ठेवा. या माणसाने त्या दिवशी आपली गाडी मांडायला आणू नये. स्वतःच्या गाडीभोवती गर्दी असताना कोणाचंच लक्ष गेटवर राहत नाही.

टप्पा ३: जागा

मैदान पाहताना अंदाज हमखास चुकतो, म्हणून हिशेब करा. नुसती गाडी उभी करायला साधारण २.५ बाय ५ मीटर लागतात. दारं आणि बॉनेट उघडे ठेवून लोकांनी फिरायचं असेल तर रुंदी ३ मीटरच्या वर धरा. मधल्या वाटा मिळून एका गाडीमागे २५ ते ३० चौरस मीटर जातात. म्हणजे ४० गाड्यांना हजार-बाराशे चौरस मीटर, आणि नोंदणीपेक्षा जास्त गाड्या येतातच, त्यामुळे दीडपट जागा बघा.

शिवाय ४ मीटर रुंदीची एक वाट गेटपासून आतपर्यंत पूर्ण मोकळी हवी. ती अग्निशमनाच्या गाडीसाठी आणि ॲम्ब्युलन्ससाठी. "दोन मिनिटं लावतो" म्हणणाऱ्याची गाडीही तिथे नको.

वाळलेलं गवत असेल तर जागा बदला किंवा गवत कापून उचलून टाका. नुकत्याच चालून आलेल्या गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (इंजिनाचा धूर शुद्ध करणारा भाग) कित्येकशे अंश तापलेला असतो आणि तो गाडीच्या पोटाखालीच असतो. गवत पेटल्याचं वरून लवकर कळत नाही. तळघरातलं पार्किंगही टाळा. तिथे चार-सहा इंजिनं चालू राहिली तर कार्बन मोनॉक्साइड साचतो, आणि त्याला रंग नाही की वास नाही.

मालकाची परवानगी लेखी घ्या. पोलिसांची, स्थानिक प्रशासनाची कोणती परवानगी लागते ते त्यांच्याच कार्यालयात विचारा. "मागच्या वर्षी काही लागलं नव्हतं" याला काही अर्थ नाही, मागच्या वर्षी इतके लोक नव्हते.

तपासा: गेटबाहेर वळण आहे का? उतार, शाळा, दवाखाना? बाहेर पडणारी गाडी थेट लांब सरळ रस्त्याला लागत असेल, तर टप्पा ८ दोनदा वाचा.

टप्पा ४: त्याची गाडी

सगळ्यात नाजूक काम हेच, आणि बहुतेक जण ते आदल्या रात्री करायला घेतात. महिनोन्महिने उभी असलेली गाडी आदल्या रात्री जंपर केबल लावून, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवर, सुरू होते, गेटपर्यंत येते आणि सगळ्यांसमोर उकळते, नाहीतर बंद पडते. घरच्यांनी हे बघायची गरज नाही. किमान तीन-चार आठवडे हातात ठेवा.

आधी कागद. मालक गेल्यावर नोंदणी आणि विमा दोन्हींची स्थिती बदलू शकते. वारसांची लेखी संमती घ्या. ही गाडी या माणसाने, या दिवशी चालवली तर विमा लागू राहील का, हे विमा कंपनीकडून लेखी मागवा. उत्तर गुळमुळीत आलं तर गाडी फ्लॅटबेडवरून (गाडी वर चढवून नेणाऱ्या सपाट ट्रकवरून) आणायची. त्यात कमीपणा नाही, उलट मला तोच रस्ता बरा वाटतो.

हात लावण्याआधी फोटो काढा. ड्रायव्हरची सीट किती मागे आहे, आरसे कसे आहेत, डॅशबोर्डवर काय चिकटवलं आहे, ट्रिप मीटरवर किती आकडा आहे. मेकॅनिक आत बसताना सहज सीट पुढे सरकवतो, आरसा आपल्या मापाने फिरवतो, आणि जी गोष्ट घरच्या कोणीतरी इतके दिवस जपलेली असते ती एका क्षणात जाते. बॅटरी काढली की बऱ्याच गाड्यांत घड्याळ आणि रेडिओवर लावून ठेवलेली स्टेशनं पुसली जातात. काही जुन्या म्युझिक सिस्टिम तर कोड टाकल्याशिवाय परत सुरूच होत नाहीत. तो कोड बहुधा गाडीच्या पुस्तकात असतो, आधी शोधून ठेवा. ग्लोव्ह बॉक्स आणि डिक्की घरच्यांनाच रिकामी करू द्या. चष्मा, बिलं, चिठ्ठ्या, डॅशकॅमचं कार्ड यातलं काहीही ग्रुपचं नाही.

आता गाडी. क्रम असाच ठेवा:

१. बॉनेट उघडून उंदरांनी काय केलंय ते बघा. एअर फिल्टरच्या डब्यात घरटं, कुरतडलेल्या वायरी. यावर नजर न टाकता चावी फिरवू नका.

२. बॅटरी मीटरने मोजा. पूर्ण चार्ज बॅटरी उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.४ म्हणजे पाऊण भरलेली. १२ च्या खाली बराच काळ पडून राहिली असेल तर चार्ज होऊनही दगा देऊ शकते. जंप स्टार्टची घाई नको. चार्जरवर सावकाश लावा, धरत नसेल तर बदला.

३. ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल यांची पातळी आणि रंग बघा. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. शेवटचं कधी बदललं ते माहीत नसेल तर बदलूनच टाका.

४. टाकीतलं पेट्रोल. काही महिन्यांत त्यातला हलका, लवकर पेट घेणारा भाग कमी होतो. इथेनॉल मिसळलेलं असेल तर पाणी धरून तळाशी वेगळा थर साचू शकतो. जुनं काढा, ताजं भरा.

५. टायर. नुसती नक्षी बघून "नवेच आहेत" म्हणू नका. बाजूला चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला. रबर उभ्या गाडीतही कडक होतं. दहा वर्षांवरचा टायर, नक्षी कितीही शाबूत असो, रस्त्यावर नको. पाचच्या वर असेल तर जाणकाराला दाखवा. खूप दिवस एकाच जागी उभं राहून टायर चपटे झाले असतील तर चालवताना थरथर जाणवेल.

६. हँडब्रेक ओढून ठेवलेला असेल तर मागचे ब्रेक लायनर चिकटलेले असू शकतात. गाडी जोरात ओढून ते सोडवू नका, चाक उतरवून बघा.

७. मग इंजिन. पेट्रोल इंजेक्शनच्या गाडीत फ्युएल पंपाचा फ्यूज काढून दोन-तीन वेळा थोडा थोडा स्टार्टर मारा, म्हणजे ऑइल आधी वर चढतं. नंतर फ्यूज लावून सुरू करा. ऑइलचा दिवा काही सेकंदांत विझला नाही तर लगेच बंद.

८. सुरू झाली की पाच मिनिटांत बंद करू नका. पूर्ण तापू द्या, पंखा सुरू होतो का बघा, आणि मग मोकळ्या जागेत हळू चालवून ब्रेक तपासा. रोटरवरचा (ब्रेकच्या चकतीवरचा) गंज पहिल्या काही ब्रेकना खरखरतो. ती खरखर जात नसेल तर उघडून बघावं लागेल.

इशारा: या निमित्ताने गाडी "सुधारू" नका. नवा सायलेन्सर, नवं पॉलिश, राहून गेलेलं त्याचं एखादं मॉडिफिकेशन, यातलं काहीही घरच्यांनी मागितल्याशिवाय नाही. ओरखडासुद्धा विचारून काढा. तो कुठे आणि कसा पडला हे घरात कोणाला तरी माहीत असतं.

फ्लॅटबेडवर चढवताना पट्टे चाकांवरून आवळा, सस्पेन्शनच्या भागांना हुक नको. गाडी खाली बसवलेली (जमिनीपासूनची उंची कमी केलेली) असेल तर फळ्या बरोबर न्या. किल्ली एकच असेल तर ती कोणाकडे आहे हे त्या दिवशी एकाच माणसाला ठाऊक असू दे, आणि तो माणूस जागेवर असू दे.

टप्पा ५: जाहीर करणं

आता पोस्टर, तेही घरच्यांनी पाहिल्यावर. खुली मीट ठेवली तर किती लोक येतील यावर तुमचा ताबा राहत नाही, म्हणून नोंदणी ठेवा आणि नेमकी जागा नोंदणी केलेल्यांना आदल्या दिवशी पाठवा. सुरू होण्याची वेळ सगळे लिहितात, संपण्याची कोणी लिहीत नाही. तीही लिहा.

नियम चार ओळींत बसले पाहिजेत. रेव्ह नाही, टायर जाळायचे नाहीत, ड्रोन विचारल्याशिवाय नाही, दारू पिऊन आलात तर आत घेणार नाही. पंधरा नियमांची यादी कोणी वाचत नाही.

टप्पा ६: गाड्या आत घेणं

स्वयंसेवक तासभर आधी, त्याची गाडी त्याही आधी. ती जागेवर लागून दोरी बांधून झाली पाहिजे. गर्दीतून वाट काढत फ्लॅटबेड आणणं हा नसता धोका.

प्रत्येक गाडी रिव्हर्समध्ये लावून घ्या. लोक कुरकुरतील, तरी लावूनच घ्या. येताना गाड्या एकेक येतात आणि माणसं कमी असतात. जाताना सगळे एकदम निघतात आणि गाड्यांमागे मुलं खेळत असतात. रिव्हर्स घ्यायचाच असेल तर तो रिकाम्या मैदानात घेतलेला बरा. ऑइल गळणाऱ्या जुन्या गाड्यांखाली पत्रा किंवा पुठ्ठा सरकवा.

अग्निशामक सिलिंडर मैदानाच्या दोन टोकांना, दिसतील असे ठेवा, आणि ते चालवता येणारी माणसं तिथेच असू देत. पावडरचा हातात धरायचा सिलिंडर काही सेकंदांतच संपतो, त्यामुळे नेम ज्वाळेच्या मुळाशी हवा. बॉनेटखालून धूर येत असेल तर बॉनेट सताड उघडू नका. हवा मिळाली की भडका उडतो. फटीतून मारा. इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीतून धूर निघाला तर सिलिंडरचा उपयोग जवळजवळ नाही: माणसं लांब करा आणि अग्निशमन दलाला बोलवा.

टप्पा ७: कार्यक्रम

वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. सगळी इंजिनं आणि म्युझिक बंद. एक जण प्रस्तावना करेल, ग्रुपमधले दोघे बोलतील, घरच्यांची इच्छा असेल तर त्यांच्यापैकी कोणी, मग मौन. बोलणाऱ्यांना आधी सांगा की तीन मिनिटं आहेत आणि विषय तो माणूस आहे, त्याच्याबरोबर आपण मारलेला टॉप स्पीड नाही. माइक उघडा सोडून "अजून कोणाला बोलायचंय?" विचारू नका. घरच्यांना खुर्च्या सावलीत आणि बाहेर पडायच्या वाटेजवळ द्या. मधूनच उठून जावंसं वाटलं तर सगळ्यांसमोरून जावं लागू नये.

"सगळ्यांनी एकदम रेव्ह करून सलामी देऊ" असा प्रस्ताव येतोच. मी विरोधात आहे. सलग ऐकण्याची सुरक्षित मर्यादा ८५ डेसिबलला आठ तास धरली, तर १०० डेसिबलला ती पंधरा मिनिटांवर येते. मोकळ्या सायलेन्सरच्या तीस गाड्या शेजारी उभ्या असतील तर आवाज त्याच्याही वर जाऊ शकतो, आणि तिथे तान्ही मुलं असतात, म्हातारी माणसं असतात. घरच्यांचीच तशी इच्छा असेल तर फक्त त्याची गाडी, एकदा, लोकांना मागे घेऊन आणि कानांवर हात ठेवायला सांगून.

टप्पा ८: निघणं

मीटमधले वाईट अपघात बहुधा मैदानात होत नाहीत, गेटबाहेरच्या पहिल्या काहीशे मीटरवर होतात. बाहेर दोन्ही बाजूंना मोबाइल घेऊन उभी असलेली पोरं, "दे ना, दे ना" (म्हणजे रेस दे) चा गलका, थंड टायर, आणि दिवसभर साठलेलं मन. मागची चाकं घसरली की गाडी थेट त्या गर्दीत जाते.

म्हणून गर्दीच होऊ देऊ नका. गेटपासून पुढे दोनशे मीटरपर्यंत कॅमेरा घेऊन कोणी उभं राहणार नाही, हा नियम निघण्याच्या तासभर आधी माइकवरून सांगा आणि तिथे स्वयंसेवक उभे करा. गाड्या पाच-पाचच्या तुकड्यांनी सोडा, तुकड्यांमध्ये दोन-तीन मिनिटं जाऊ द्या. घरच्यांची गाडी सर्वांत आधी.

दुसरा सापळा "एक छोटी फेरी मारून येतो" हा. ३० नोव्हेंबर २०१३ ला अभिनेता पॉल वॉकर गेला तो अशाच फेरीत. कॅलिफोर्नियात मदतनिधीच्या कार्यक्रमातून तो मित्राबरोबर बाहेर पडला, गाडी मित्र चालवत होता. तपासात वेग ताशी १३० ते १५० किलोमीटरच्या दरम्यान निघाला. त्या रस्त्यावर मर्यादा ७२ च्या आसपास होती. टायर नऊ वर्षांचे होते. दोघेही गेले. गाडी दाखवायला आलेल्याने मधेच बाहेर फेरी मारायची नाही. बाहेर पडला तर परत आत नाही.

टप्पा ९: ताफा न्यायचाच असेल तर

आधी हिशेब. ताशी ६० च्या वेगाला तीन सेकंदांचं अंतर म्हणजे ५० मीटर. वीस गाड्या असतील तर शेपूट एक किलोमीटरच्या वर जाते. असा ताफा सिग्नलला तुटणारच. तो न तुटावा म्हणून लाल दिवा तोडणं किंवा स्वयंसेवकांनी चौक अडवणं, दोन्ही नको.

पाच-सहा गाड्यांचे गट करा. प्रत्येक गटाला रस्ता माहीत असलेला पुढचा आणि हत्यारं, जंपर केबल, टोचनाचा पट्टा घेतलेला शेवटचा. सगळ्यात हळू गाडी पुढच्या गाडीच्या लगेच मागे. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांना पहिल्या गटात घ्या, म्हणजे त्या उन्हात इंजिन चालू ठेवून ताटकळणार नाहीत आणि तापणार नाहीत. जिथे रस्ता बदलायचा तिथे मागची गाडी आरशात दिसेपर्यंत सुरक्षित जागी थांबायचं. एवढा एक नियम सगळ्यांनी पाळला तर कोणी हरवत नाही. फोन आणि नकाशा शेजारच्याकडे.

इशारा: चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावून जायची फॅशन सोडा. बऱ्याच गाड्यांत ते चालू असताना वळण्याचा इशारा दिसतच नाही.

ताफा कुठे संपतो ते ठरलेलं असावं. नुसतं "पुढे जाऊ या" म्हटलं की शेवटचे चार जण शर्यत लावतात.

टप्पा १०: त्यानंतरचा आठवडा

मैदानावरचे ऑइलचे डाग वाळू किंवा लाकडाच्या भुश्श्याने त्याच संध्याकाळी उचला. पैसे जमले असतील तर दोघांनी मिळून मोजा, आकडा आणि खर्च ग्रुपवर टाका, आणि बाकी रक्कम ठरलेल्या जागी आठवड्याच्या आत पोचवा. उशीर झाला की संशय येतोच, हिशेब चोख असला तरी.

फोटो आधी घरच्यांना द्या, मग बाकीच्यांना. घरच्यांचे रडतानाचे फोटो त्यांनी परवानगी दिल्याशिवाय कुठेही नकोत.

गाडी परत करताना सीट आणि आरसे पहिल्या फोटोप्रमाणे लावा, काय काय बदललं त्याची यादी आणि बिलं द्या. ती पुन्हा उभीच राहणार असेल तर हवा थोडी जास्त भरून ठेवा, हँडब्रेकऐवजी चाकांना ठोकळे लावा, आणि बॅटरी सोडवायची की चार्जरवर ठेवायची ते घरच्यांना विचारा. महिन्यातून एकदा येऊन बघणारा एक जण ठरवून त्याचा नंबर त्यांना देऊन या.

ग्रुपमधला त्याचा नंबर घाईने काढू नका, तो घरात कोणी वापरत असेल. पण तो बंद झाल्याचं कळलं तर मात्र काढा, कारण बंद पडलेले नंबर काही काळाने दुसऱ्या कोणाला मिळतात. "दर वर्षी करू" असंही मीटमध्ये माइकवरून जाहीर करू नका. पुढच्या वर्षी तारीख जवळ आली की टप्पा १ पासून सुरुवात करा, कारण वर्षभरात घरच्यांचं उत्तर बदललेलं असू शकतं.